कागद पूर्ण असतानाही शस्त्राची विक्री नाकारावी का?

प्रश्न : उंबरठा

शस्त्रविक्री आणि दुरुस्तीच्या एका लहान परवानाधारक व्यवसायात भागीदार म्हणून उतरण्याचा माझा विचार चालू आहे, आणि त्यासाठी गेले काही महिने मी निरनिराळ्या देशांतील नियम वाचतो आहे. कायदे कितीही वेगळे असले तरी विक्रेत्याकडून त्यांची मागणी बहुतेक ठिकाणी सारखीच दिसते. विकणाऱ्याकडे परवाना हवा, घेणाऱ्याची पात्रता तपासलेली हवी, प्रत्येक शस्त्रावर अनुक्रमांक हवा आणि आलेले व गेलेले प्रत्येक शस्त्र नोंदवहीत हवे. हे सर्व पाळणे कष्टाचे असले तरी समजायला अवघड नाही. माझी अडचण त्याच्या पुढे सुरू होते.

समजा, गिऱ्हाईक समोर उभे आहे. ओळखपत्र खरे आहे, परवाना चालू आहे, सरकारी पडताळणीत काही अडथळा निघालेला नाही. तरीही त्याच्या बोलण्यात, घाईत किंवा सोबत आलेल्या माणसाच्या वागण्यात असे काही आहे, की शस्त्र त्याच्या हाती देताना मन कचरते. अशा वेळी कायद्याने दिलेला होकार पुरेसा मानून व्यवहार पूर्ण करावा, की आपल्या मनाची शंका हेही एक कारण धरून नकार द्यावा? नकार द्यायचा असेल, तर तो शंकेवर देण्याचा मला नैतिक अधिकार आहे का? आणि दिला, तर त्याची नोंद कुठे व कशी ठेवावी?

धंद्याची बाजू मी मुद्दाम लपवत नाही. लहान व्यवसायात प्रत्यक्ष शस्त्रांची विक्री मोजकीच असते, आणि बरेचसे उत्पन्न काडतुसे, साफसफाई, दुरुस्ती व लोकांच्या शस्त्रांची सुरक्षित ठेव यांतून येते, असे अनुभवी लोकांनी मला सांगितले. म्हणजे प्रत्येक नाकारलेली विक्री वहीत ठळकपणे जाणवणार. पण ज्या वस्तूच्या एका चुकीच्या विक्रीने एखाद्याचा जीव जाऊ शकतो, तिचा व्यापार करताना केवळ 'कागद बरोबर होते' एवढ्या उत्तरावर मला झोप लागेल असे वाटत नाही. या व्यवसायात काम केलेल्यांनी, कायदा जाणणाऱ्यांनी आणि ज्यांना हा व्यवसायच अमान्य आहे अशांनीही मोकळेपणाने लिहावे.

उत्तर : कारागीर

माझी उमेदीची सर्व वर्षे या व्यवसायात गेली, आधी दुरुस्तीच्या टेबलावर आणि नंतर विक्रीच्या. आपल्या प्रश्नाला माझे थेट उत्तर आहे : होय, नाकारावी. मी दिलेल्या नकारांपैकी एकाचाही मला आज पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो न दिलेल्या एका नकाराचा.

दोन माणसे आली होती. पिस्तूल हातात घेऊन पाहिले एकाने, पकड कशी बसते हे विचारले त्यानेच, पण परवाना पुढे केला आणि सही केली दुसऱ्याने. सही करणाऱ्याचे सर्व कागद निर्दोष होते. तो वस्तूकडे पाहतसुद्धा नव्हता हे माझ्या लक्षात आले होते, पण कागदांत काही खोट नाही म्हणून मी व्यवहार पूर्ण केला. पुढे चौकशीचे अधिकारी त्या पिस्तुलाचा अनुक्रमांक घेऊन आले, तेव्हा ते तिसऱ्याच माणसाकडे सापडले होते. माझी वही चोख होती आणि माझ्यावर कसलाही ठपका आला नाही. मला मात्र त्या दिवशी कळले, की चोख वही आणि योग्य विक्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्यासाठी आपल्या नावावर शस्त्र घेणे हा बेकायदा बाजारात माल जाण्याचा एक जुना रस्ता आहे, आणि तो दुकानाच्या टेबलावरूनच जातो. तो ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही. वस्तू निवडतो कोण, प्रश्न विचारतो कोण, पैसे कोणाच्या खिशातून निघतात आणि सही कोण करतो, ही चार उत्तरे एकाच माणसाकडे येत नसतील तर थांबावे. ज्याला शस्त्र खरोखर स्वतःसाठी हवे असते तो साफसफाईविषयी, कपाटाविषयी, सरावाच्या जागेविषयी काहीतरी विचारतोच. नेमबाज तर इतके विचारतो की आपला अर्धा दिवस जातो. ज्याला यातले काहीच नको असते, मॉडेल कोणतेही चालते आणि केवळ 'आजच' एवढेच हवे असते, त्याच्याशी पाच मिनिटे जास्त बोलावे. बहुतेक वेळा त्या पाच मिनिटांतच शंका फिटते किंवा पक्की होते.

एक आकडा मी कधी विसरत नाही. अमेरिकेच्या शस्त्र-नियंत्रण यंत्रणेने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे आढळले होते, की गुन्ह्यांच्या तपासात मागोवा घेतलेल्या आणि चालू विक्रेत्यांपर्यंत पोहोचलेल्या शस्त्रांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के, केवळ १.२ टक्के विक्रेत्यांकडून गेलेली होती. या आकड्यावर आक्षेपही घेतले जातात, आणि ते योग्यही आहेत. जो जास्त विकतो त्याची शस्त्रे साहजिकच जास्त सापडतील, आणि मागोवा लागला म्हणजे विक्रेता दोषी असे होत नाही. तरी एवढे नक्की, की बहुसंख्य विक्रेत्यांच्या दारातून असा माल फारसा जात नव्हता.

आता व्यवहाराची गोष्ट. नकार देताना वाद घालू नये, आरोप करू नये, समोरच्याच्या हेतूवर बोलू नये. 'आज हा व्यवहार आमच्याकडून होणार नाही' एवढे पुरे. कामावरच्या प्रत्येक माणसाला, अगदी नव्यानेच लागलेल्यालाही, व्यवहार थांबवण्याचा अधिकार असावा आणि मालकाने तो गिऱ्हाइकासमोर कधीही फिरवू नये. मालकाने एकदा जरी फिरवला, तरी पुढच्या वेळी तो माणूस शंका आली असतानाही गप्प बसतो.

आपण दुरुस्तीचा उल्लेख केला आहे म्हणून तिकडचेही सांगतो, कारण नकाराचे प्रसंग तिथे अधिक येतात. अनुक्रमांक घासलेले शस्त्र टेबलावर आले, तर ते दुरुस्तीचे काम उरत नाही. लगेच पोलिसांना कळवायचे. चाप वाजवीपेक्षा हलका करून मागणारे येतात, सुरक्षा-खटका 'मध्ये येतो' म्हणून काढून टाका म्हणणारे येतात, त्यांना समजावून परत पाठवायचे. सर्वांत अवघड जातात ती मायेने जपलेली जुनी शस्त्रे. आजोबांची दुनळी घेऊन माणूस येतो. तिच्या नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या असतात आणि त्या जुन्या पद्धतीच्या, बंदुकीच्या काळ्या दारूसाठी बनलेल्या असतात. त्याला तिच्यात आजची धूरविरहित दारूची काडतुसे वापरायची असतात. या दारूचा दाब न सोसून ती नळी फुटली तर डावा हात जातो. नळ्यांची अधिकृत दाबचाचणी करून त्यांवर शिक्का उमटवण्याची पद्धत याच भीतीतून आली. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ साली उभे राहिले आणि ही दोन्ही चाचणीगृहे आजही चालू आहेत. नळीवरचा शिक्का वाचायला शिकणे हे या व्यवसायातले पहिले शिक्षण आहे असे मी मानतो. आणि त्याच्याही आधीचे एक : टेबलावर आलेले प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे धरूनच हातात घ्यायचे, आणणारा कितीही शपथेवर 'रिकामे आहे' म्हणाला तरी. माझ्या अनुभवात ते अनेकदा रिकामे नव्हते.

उत्तर : कायदेवाचक

वरच्या उत्तरातील अनुभवाचा मला आदर आहे, पण कायद्याच्या दृष्टीने या प्रश्नात एक गुंता आहे, आणि तो सोडवल्याशिवाय 'नाकारावी' असे सरसकट म्हणणे मला धोक्याचे वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे, निर्णय कुठे होतो हे देशागणिक बदलते. ब्रिटनमध्ये शस्त्र बाळगण्याचे प्रमाणपत्र पोलीसप्रमुख देतात आणि रायफलसारख्या शस्त्रासाठी अर्जदाराला सबळ कारण दाखवावे लागते. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना प्राधिकारी पोलिसांचा अहवाल मागवून निर्णय घेतो. ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर येथे एप्रिल १९९६ मध्ये ३५ माणसे मारली गेल्यानंतर झालेल्या राष्ट्रीय करारात खरे कारण दाखवण्याची अट आणि खरेदीच्या परवानगीसाठी २८ दिवसांची प्रतीक्षा आली. स्वसंरक्षण हे कारण तिथे ग्राह्य धरले जात नाही. या सर्व ठिकाणी गिऱ्हाईक दुकानात येते तेव्हा त्याची पारख आधीच झालेली असते. अमेरिकेत मात्र बऱ्याच राज्यांत पारखीची मुख्य जागा दुकान हीच आहे. तिथे गिऱ्हाईक विहित प्रपत्र भरते, विक्रेता १९९८ पासून चालू असलेल्या केंद्रीय यंत्रणेकडे तपासणी करतो आणि अनेकदा काही मिनिटांत उत्तर येते. तेव्हा 'विक्रेत्याच्या विवेकाला किती वाव असावा' या प्रश्नाचे उत्तर, त्याच्या आधी किती गाळण्या लागलेल्या आहेत यावर अवलंबून आहे.

यंत्रणेचा होकार म्हणजे पात्रतेची हमी नव्हे, हे मात्र मी मान्य करतो. २०१५ साली अमेरिकेतील चार्ल्सटन येथील चर्चमध्ये नऊ जणांचा जीव घेणाऱ्या तरुणाची तपासणी तीन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण झाली नव्हती, आणि मुदतीत उत्तर न आल्यास विक्रेता विक्री करू शकतो अशी केंद्रीय कायद्यात तरतूद असल्याने त्याला पिस्तूल मिळाले. 'करू शकतो' या शब्दांकडे लक्ष द्यावे. 'केलीच पाहिजे' असे तो कायदा म्हणत नाही. काही मोठे विक्रेते स्पष्ट होकार आल्याशिवाय विकत नाहीत, आणि आपणही हा नियम पहिल्या दिवसापासून करावा. उलट २०१७ साली सदरलंड स्प्रिंग्ज येथे २६ जणांचा बळी गेला, त्या प्रकरणात हवाई दलाने मारेकऱ्याच्या लष्करी न्यायालयातील दोषसिद्धीची माहिती यंत्रणेला कळवलीच नव्हती. तिथे तपासणीचे उत्तर आले, पण ते उत्तरच चुकीचे होते, आणि ते ओळखायला विक्रेत्याकडे काही साधन नव्हते.

दुसऱ्याच्या वतीने खरेदी करण्याविषयी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ५ विरुद्ध ४ मतांनी एक महत्त्वाचा निर्णय दिला. ज्याच्यासाठी पिस्तूल घेतले तो नातेवाईक स्वतः पूर्णपणे पात्र होता, तरीही 'खरा खरेदीदार मीच' हे प्रपत्रावरचे विधान खोटे ठरते, असे बहुमताने सांगितले. म्हणजे 'दोघेही पात्र आहेत, मग बिघडले कुठे' हा युक्तिवाद तिथे टिकत नाही. मिलवॉकीत २०१५ साली ज्यूरीने एका विक्रेत्याला जखमी पोलिसांना मोठी भरपाई देण्यास सांगितले, तेही अशाच परभारे खरेदीकडे डोळेझाक केल्याबद्दल. शस्त्र-उद्योगाला दाव्यांपासून व्यापक संरक्षण देणारा २००५ चा केंद्रीय कायदा असतानाही हे घडले, कारण त्या कायद्याने काही अपवाद ठेवलेले आहेत.

आता माझी हरकत. सरकारी अधिकारी परवाना नाकारतो तेव्हा त्याला कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्या नकारावर अपील करता येते. भारतीय अधिनियमाच्या कलम १४ मध्ये तर असेही म्हटले आहे, की केवळ अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही या कारणाने परवाना नाकारता येणार नाही. ही तरतूद वरवर किरकोळ वाटते, पण तिच्यामागे एक इतिहास आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याखाली भारतीयांना परवाना घ्यावा लागत असे आणि युरोपियनांना नियमांनी त्यातून सूट होती. कोणाच्या हाती शस्त्र शोभते हे सत्ताधाऱ्याच्या नजरेवर ठरले की काय होते, हे आपल्या पूर्वजांनी कित्येक दशके अनुभवले. विक्रेत्याच्या नकाराला लेखी कारण नसते आणि त्यावर अपीलही नसते. मग ज्याला आपण 'मनाची शंका' म्हणतो, ती समोरच्याच्या कपड्यांवरून, बोलीवरून किंवा आडनावावरून आलेली नाही, हे कोण तपासणार? शंका वागण्यावर असेल तर नकार द्यावा, पण ती शब्दांत लिहून काढता आली पाहिजे, आणि जी लिहिता येत नाही ती शंका बाजूला ठेवली पाहिजे, असे माझे मत आहे.

उत्तर : शुश्रूषा

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. वरची दोन्ही उत्तरे दुसऱ्याला होणाऱ्या इजेविषयी आहेत, म्हणून राहून गेलेली बाजू लिहिते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. आत्महत्येचे बहुतेक प्रयत्न जिवावर बेतत नाहीत, माणूस वाचतो आणि सावरतो. बंदुकीने केलेल्या प्रयत्नांत मात्र दहांपैकी जवळजवळ नऊ प्राणघातक ठरतात. तीव्र विचाराची लाट अनेकदा थोड्या काळाची असते. तेवढ्या काळात साधन हाताशी नसेल, तर माणूस दुसरा मार्ग शोधतोच असे नाही. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये सुट्टीवर जाणाऱ्या तरुण सैनिकांना शस्त्र घरी नेण्यास मनाई केली, त्यानंतर त्या वयोगटातील सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

विक्रेत्यांना यात स्थान आहे, आणि ते विक्रेत्यांनीच दाखवून दिले आहे. न्यू हॅम्पशायर राज्यात २००९ साली एका आठवड्याच्या आत, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या तीन व्यक्तींनी एकाच दुकानातून शस्त्र घेतले आणि काही तासांतच आत्महत्या केली. तिघांच्याही कागदांत काही चूक नव्हती. त्यानंतर तिथले विक्रेते, नेमबाजीशी संबंधित लोक आणि आरोग्य-कार्यकर्ते एकत्र बसले, आणि दुकानांत लावायची माहितीपत्रके व विक्रेत्यांसाठी मार्गदर्शन तयार झाले. पुढे तो उपक्रम इतर अनेक राज्यांनी उचलला. त्या मार्गदर्शनातील खुणा आणि 'कारागीर' यांनी सांगितलेल्या खुणा किती जवळच्या आहेत पाहा : शस्त्राविषयी काहीच माहिती नसणे आणि ती करून घेण्याची इच्छाही नसणे, पुढच्या वापराचा किंवा देखभालीचा काहीच विचार नसणे, नुकताच घटस्फोट झाला, नोकरी गेली असे बोलण्यात येणे, आणि चेहऱ्यावर एक प्रकारची शून्यता किंवा अस्वस्थता.

'कायदेवाचक' यांची अट मला मान्य आहे, पण एका बाबतीत ती मी सैल करीन. येथे चुकीच्या नकाराने गिऱ्हाइकाचे नुकसान एका हेलपाट्याचे किंवा अपमानाचे होते. चुकीच्या होकाराने ते भरून येण्यासारखे नसते. नकार देताना 'दोन दिवसांनी या, आपण नीट बसून बोलू' असे म्हटले, तर तो अपमानही होत नाही. त्या माणसाला 'आपण ठीक आहात ना' असे थेट विचारायला घाबरू नये. विचारल्याने तसा विचार मनात येतो, ही समजूत चुकीची आहे.

आणखी एक काम लहान व्यवसायाला करता येते, ते म्हणजे ठेव. घरात कोणी खचलेले असेल तेव्हा शस्त्र काही काळ घराबाहेर ठेवण्याची सोय कुटुंबाला हवी असते, आणि पोलीस ठाण्यात जायला अनेकजण कचरतात. भारतीय अधिनियमाच्या कलम २१ नुसार काही परिस्थितींत शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. अमेरिकेतही काही राज्यांत अशी तात्पुरती ठेव घेणाऱ्या विक्रेत्यांचे नकाशे प्रसिद्ध केले जातात. वॉशिंग्टन, व्हर्जिनिया आणि युटा या राज्यांनी तर माणसाने चांगल्या मनःस्थितीत असताना स्वतःहून 'मला शस्त्र विकू नका' अशी नोंद करण्याची सोय कायद्याने दिली आहे.

उंबरठा

सर्वांचा आभारी आहे. लिहून काढता येईल अशीच शंका धरावी, ही कसोटी मला पटली आहे, आणि संकटातल्या माणसासाठी ती सैल करण्याचे कारणही पटले. माझ्या प्रश्नाचा एक भाग मात्र राहिला : नाकारलेल्या व्यवहाराची नोंद कुठे ठेवायची? मूळ नोंदवहीत तिला रकाना नाही. आणि एकूणच नोंदी किती वर्षे, कोणासाठी ठेवायच्या, हेही कोणी स्पष्ट केले तर बरे होईल.

उत्तर : नोंदणीस

या विषयाच्या कागदपत्रांशी माझा अनेक वर्षे संबंध आला, म्हणून नोंदवहीपुरते लिहितो.

नोंदवही कशासाठी असते हे समजण्यासाठी मागोवा कसा घेतला जातो ते पाहावे. गुन्ह्याच्या जागी शस्त्र सापडले, तर त्यावरील कारखान्याचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक घेऊन तपास कारखान्यापासून सुरू होतो. कारखाना घाऊक विक्रेत्याचे नाव देतो, तो दुकानाचे आणि दुकान पहिल्या खरेदीदाराचे. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने मालकांची केंद्रीय नोंदणी करण्यास मनाई केली आहे, त्यामुळे वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथील केंद्रातून ही साखळी एकेका दुव्याला विचारत जुळवली जाते. बंद पडलेल्या दुकानांच्या वह्या त्याच केंद्रात जमा होतात. त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवलेली असतात, पण मालकाच्या नावाने त्यांत शोध घेता येत नाही. साखळीतील एक वही गहाळ झाली, तर मागोवा तिथेच संपतो.

म्हणून मुदती लांब असतात. बेकायदा शस्त्रनिर्मिती व व्यापाराविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००१ च्या प्रोटोकॉलने नोंदी किमान १० वर्षे ठेवण्यास सांगितले; २००५ च्या मागोवाविषयक आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात उत्पादनाच्या नोंदींसाठी किमान ३० आणि इतर नोंदींसाठी किमान २० वर्षे अशी मुदत आहे. अमेरिकेत २० वर्षांपूर्वीच्या नोंदी पूर्वी नष्ट करता येत. २०२२ च्या नियमाने व्यवसाय चालू असेपर्यंत त्या जपण्याचे बंधन घातले. बंदूक चांगली ठेवली तर तीन पिढ्या चालते हे लक्षात घेतले, की ही मुदत अवाजवी वाटत नाही. कॅनडाचे उदाहरण बोलके आहे. लांब नळीच्या बंदुकांची राष्ट्रीय नोंदणी खर्च आणि उपयोग यांवरच्या दीर्घ वादानंतर २०१२ मध्ये मोडीत निघाली, पण दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, विक्रेत्यांनी त्याच शस्त्रांच्या विक्रीच्या नोंदी किमान २० वर्षे ठेवाव्यात असा नियम आला. सरकारची नोंदणी नको म्हणणाऱ्या देशालाही दुकानाच्या वहीवाचून चालले नाही. जर्मनीने दुसरी वाट धरली. तिथली राष्ट्रीय शस्त्रनोंदणी २०१३ च्या सुरुवातीला चालू झाली आणि २०२० पासून कारखानदार व विक्रेतेही तिला जोडले गेले.

वहीतल्या चुका बहुधा लबाडीच्या नसतात, हाताच्या असतात. शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांची अदलाबदल, आयातदाराचा क्रमांक कारखान्याचा म्हणून लिहिणे, मॉडेलचा आकडा अनुक्रमांकाच्या रकान्यात जाणे, दुरुस्तीसाठी रात्रभर राहिलेले शस्त्र 'आले' म्हणून न लिहिणे, या चार चुका मी सर्वाधिक पाहिल्या. शस्त्र प्रत्यक्ष हातात धरून एकाने क्रमांक मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने तो लिहावा. बिलावरून किंवा खोक्यावरच्या चिठ्ठीवरून कधीही उतरवू नये. चुकलेली नोंद खोडरबराने पुसू नये किंवा पांढऱ्या रंगाने झाकू नये. वाचता येईल अशी एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती, तारीख आणि सही करावी. महिन्यातून एकदा कपाटातील शस्त्रे आणि वही समोरासमोर जुळवावी. कायदा एवढ्या वेळा सांगत नसला तरी हे करावे, कारण एखादे शस्त्र कमी आहे हे जितके उशिरा कळेल तितके ते दूर गेलेले असते. अमेरिकेत चोरी किंवा गहाळ झाल्याचे समजताच ४८ तासांत कळवावे लागते, आणि समजण्यासाठी आधी मोजावे लागते.

नाकारलेल्या व्यवहारासाठी वेगळी, पाने क्रमांकित केलेली वही ठेवावी. तिच्यात तारीख, वेळ, मागितलेली वस्तू, काय पाहिले आणि काय ऐकले, आणि नकार कोणी दिला एवढेच लिहावे. 'माणूस संशयास्पद वाटला' असे लिहू नये. 'सोबतच्या व्यक्तीने वस्तू निवडली व पैसे मोजून परवानाधारकाच्या हातात दिले' असे लिहावे. गिऱ्हाइकाने स्वतःहून दिले नसेल तर त्याचे नाव-पत्ता मिळवण्याच्या मागे लागू नये, आणि ही वही कुलपात ठेवावी. ती गप्पांत वाचून दाखवण्याची वस्तू नाही. बेकायदा कृत्याचा ठोस संशय असेल तर मात्र वहीवर न थांबता त्याच दिवशी पोलिसांना कळवावे.

कारागीर

'कायदेवाचक' यांची हरकत मी दोन दिवस मनात घोळवली. माझ्याकडेही नकारांची एक वही होती, पण तिच्यात मी बहुतेक ठिकाणी 'माणूस बरा वाटला नाही' इतकेच लिहिले होते. काल ती काढून पुन्हा वाचली. काही नोंदींमागे काय होते ते मला स्पष्ट आठवते, आणि ते आज कोणासमोरही सांगता येईल. चार-पाच नोंदी मात्र अशा आहेत, की त्या माणसाने काय केले किंवा काय म्हटले हे मला आठवत नाही, केवळ तो कसा दिसत होता हे आठवते. त्या नकारांविषयी मी वर ज्या खात्रीने लिहिले तेवढी खात्री आता मला देता येत नाही, आणि ते वाक्य मी मागे घेतो. आपण नवी वही सुरू कराल तेव्हा 'काय पाहिले, काय ऐकले' हे दोन रकाने आधी आखून घ्यावेत, आणि ते रिकामे राहत असतील तर विक्री करावी.